हेड टॅग एकहाती कसे सांभाळावेत: वेब ॲप्लिकेशनमधील पानांच्या मेटाडेटाचे व्यवस्थापन

वेब ॲप्लिकेशनमध्ये पानाचा बॉडी भाग सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो. एखादे बटण चार पिक्सेल सरकले तरी कोणीतरी लगेच बोलून दाखवते. हेडचे, म्हणजे पानाविषयीची माहिती (मेटाडेटा) ठेवणाऱ्या न दिसणाऱ्या भागाचे, तसे नसते. तिथे शीर्षक चुकले, वर्णन दोनदा आले किंवा कॅनॉनिकल लिंक (पानाचा मुख्य पत्ता सांगणारी ओळ) भलत्याच पानाकडे बोट दाखवू लागली, तरी स्क्रीनवर काहीच बिघडलेले दिसत नाही. चूक लक्षात येते ती काही आठवड्यांनी, शोधनिकालांतून पाने गळू लागल्यावर किंवा कोणी पाठवलेल्या दुव्याखाली दुसऱ्याच पानाचे चित्र उमटल्यावर. अशा चुका शोधत मागे गेले की टॅगची माहिती नसणे हे कारण क्वचितच सापडते. बहुतेक वेळा एकाच टॅगवर अनेकांनी हक्क सांगितलेला असतो. मूळ एचटीएमएल साच्यात एक शीर्षक असते, लेआउटमध्ये दुसरे, कॉम्पोनंटमध्ये तिसरे, आणि टॅग मॅनेजरमधून (बाहेरच्या स्क्रिप्ट पानात घालणाऱ्या साधनातून) आलेली एखादी स्क्रिप्ट चौथे लिहून मोकळी होते. म्हणून पुढील सर्व सूचना एकाच नियमाभोवती बांधल्या आहेत: प्रत्येक पानाला मेटाडेटाची एकच नोंद असावी आणि ती हेडमध्ये उतरवणारी जागाही एकच असावी.

## हेड कोण वाचते आणि केव्हा वाचते

टॅग कोणासाठी लिहायचा हे आधी ठरवले, तर पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात. ब्राउझर पान येऊ लागल्याबरोबर हेड वरून खाली वाचत जातो आणि त्यातून त्याला मजकुराचे एन्कोडिंग, व्ह्यूपोर्टची (पान दिसण्याच्या जागेची) रुंदी, टॅबवरचे शीर्षक आणि आणायच्या फाइली कळतात. शोधयंत्राचा क्रॉलर (पाने वाचत फिरणारा प्रोग्राम) सर्व्हरने पाठवलेले एचटीएमएल आधी वाचतो. गूगलचा क्रॉलर त्यानंतर जावास्क्रिप्ट चालवून पान पुन्हा पाहतो खरा, पण ही दुसरी पायरी रांगेत नंबर लागेल तेव्हा होते. फेसबुक किंवा व्हॉट्सॲपवर दुवा चिकटवल्यावर जे छोटे पूर्वदर्शन दिसते, ते तयार करताना जावास्क्रिप्ट चालवली जात नाही. पहिल्या प्रतिसादात जेवढे एचटीएमएल आले तेवढ्यावरच काम भागवले जाते. चौथा वाचक म्हणजे स्क्रीन रीडर. तो नवे पान उघडताच शीर्षक बोलून दाखवतो, आणि म्हणूनच डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या निकषांत पानाला अर्थपूर्ण शीर्षक असणे आणि पानाची भाषा जाहीर करणे या दोन्ही अटी सर्वांत प्राथमिक, म्हणजे ‘ए’ पातळीवर ठेवलेल्या आहेत. यातली भाषेची अट हेडमध्ये पुरी होत नाही; ती एचटीएमएल घटकाच्या ‘लँग’ गुणधर्मात लिहावी लागते. तरीही तिचे मूल्य मेटाडेटाच्या त्याच नोंदीतून यावे हे उत्तम, कारण मराठी पानावर इंग्रजीचा कोड राहिला तर स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचू पाहतो आणि ऐकणाऱ्याला काहीही बोध होत नाही.

या चौघांच्या वेळा वेगवेगळ्या असल्यामुळे एक सोयीचा निष्कर्ष निघतो. वापरकर्ता ॲपच्या आत एका राउटवरून (ॲपमधील पानाच्या पत्त्यावरून) दुसऱ्यावर जातो तेव्हा ओपन ग्राफचे, म्हणजे दुव्याच्या पूर्वदर्शनासाठीचे, टॅग बदलले नाहीत तरी कोणाचे काही अडत नाही, कारण ते वाचणारा बॉट तिथे नसतोच. शीर्षक आणि कॅनॉनिकल मात्र त्याच क्षणी बदलायलाच हवेत. शीर्षकाचे कारण उघड आहे. कॅनॉनिकलचे कारण पुष्कळांना ठाऊक नसते: काही मोबाइल ब्राउझर ‘शेअर’ करताना पत्त्याच्या पट्टीतला यूआरएल न घेता कॅनॉनिकल लिंकमधला पत्ता उचलतात. त्यामुळे मुखपृष्ठावरून आत गेलेला वाचक एखादे आतले पान पाठवतो आणि समोरच्याला मात्र मुखपृष्ठ मिळते. ही तक्रार आली की सगळे शेअरच्या बटणाचा कोड तपासत बसतात, आणि दोष असतो हेडमध्ये राहून गेलेल्या जुन्या ओळीत.

## नोंद आधी, टॅग नंतर

समजा, ग्रंथसूचीचे ॲप आहे आणि त्यात पुस्तकाचे पान, लेखकाचे पान, शोधनिकालाचे पान आणि ‘माझे खाते’ असे चार प्रकार आहेत. प्रत्येक प्रकारासाठी एक साधे फंक्शन लिहावे. त्याला त्या पानाची माहिती आणि सध्याचा पत्ता द्यावा आणि त्याने एक साधा ऑब्जेक्ट परत करावा: शीर्षक, वर्णन, कॅनॉनिकल पत्ता, अनुक्रमणास (शोधयंत्राच्या यादीत घेण्यास) परवानगी आहे की नाही, पूर्वदर्शनाचे चित्र, भाषा, आणि हवी असल्यास संरचित माहिती (शोधयंत्राला वाचता येईल अशा ठराविक साच्यातली). या फंक्शनने कोणताही टॅग तयार करू नये आणि डॉक्युमेंटला हात लावू नये. असे फंक्शन ब्राउझरशिवाय तपासता येते, सर्व्हरवर आणि ब्राउझरमध्ये तेच चालवता येते, आणि उद्या फ्रेमवर्क बदलले तरी ते जसेच्या तसे उचलून नेता येते.

ऑब्जेक्टचे टॅगमध्ये रूपांतर करण्याचे काम फ्रेमवर्कवर सोपवावे. नेक्स्टमध्ये त्यासाठी मेटाडेटा एक्स्पोर्ट करण्याची सोय आवृत्ती १३.२ पासून आहे, नक्स्टमध्ये ‘यूजहेड’ आणि ‘यूजएसईओमेटा’ आहेत, स्वेल्टमध्ये स्वतंत्र हेड घटक आहे, अँग्युलरमध्ये टायटल आणि मेटा या दोन सेवा आहेत, आणि रिॲक्टच्या १९व्या आवृत्तीपासून कॉम्पोनंटमध्ये कुठेही लिहिलेले टायटल, मेटा व लिंक हे टॅग रिॲक्ट स्वतःच हेडमध्ये नेऊन ठेवते. जँगोसारख्या सर्व्हरवरच्या साच्यांत हेच काम ब्लॉकने होते. साधन कोणतेही घेतले तरी त्याबद्दल एक प्रश्न मात्र दस्तऐवजात शोधून काढलाच पाहिजे: वरच्या पातळीवरची आणि खालच्या पातळीवरची माहिती एकत्र येते तेव्हा ती मिसळली जाते की पुसली जाते?

हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे हे नेक्स्टच्या उदाहरणावरून दिसते. मूळ लेआउटमध्ये ओपन ग्राफखाली साइटचे नाव, चित्र आणि भाषा अशा तीन गोष्टी लिहिल्या आणि पुस्तकाच्या पानावर ओपन ग्राफखाली फक्त शीर्षक लिहिले, तर वाचणाऱ्याला वाटते की चारही गोष्टी मिळतील. प्रत्यक्षात तिथली जुळणी वरवरची असते. खालच्या पानाने ओपन ग्राफ हा विभाग लिहिला की वरचा संपूर्ण विभाग बाद होतो आणि चित्र, साइटचे नाव, भाषा हे सगळे एका फटक्यात नाहीसे होते. वर सांगितलेले नोंदीचे फंक्शन याच कारणासाठी हवे. ते सामायिक मूल्ये स्वतः मिसळून पूर्ण विभाग परत करते आणि फ्रेमवर्कच्या जुळणीवर काहीच सोपवत नाही.

शीर्षकाचा साचा हीही अशीच जागा आहे. ‘पुस्तकाचे नाव, उभी रेघ, साइटचे नाव’ हा साचा एकाच ठिकाणी असावा आणि पानांनी फक्त पहिला भाग द्यावा. साइटचे नाव शेवटी ठेवावे, कारण दहा टॅब उघडे असताना प्रत्येकाची सुरुवातीची थोडीच अक्षरे दिसतात, आणि ती सर्व टॅबवर सारखीच असतील तर त्यांचा उपयोग शून्य. मुखपृष्ठाला या साच्यातून वगळावे, नाहीतर साइटचे नाव रेघेच्या दोन्ही बाजूंना उमटते.

## एकदाच येणारे टॅग आणि अनेकदा येणारे टॅग

हेडमधील टॅगचे दोन गट पाडावेत. टायटल, वर्णन, व्ह्यूपोर्ट, कॅनॉनिकल आणि एन्कोडिंग हे एकदाच यायला हवेत. ओपन ग्राफचे चित्र, पर्यायी भाषांच्या लिंक आणि संरचित माहितीचे ब्लॉक अनेकदा येऊ शकतात. पहिल्या गटातला टॅग दुसऱ्यांदा लिहिला गेला तर जुना काढून नवा ठेवायचा आणि दुसऱ्या गटातला असेल तर दोन्ही ठेवायचे, हा फरक तुमच्या साधनाला कळतो का ते तपासावे. अँग्युलरमध्ये ‘अपडेटटॅग’ने जुना टॅग बदलतो, पण ‘ॲडटॅग’ने वेगळ्या मजकुराचा दुसरा वर्णन टॅग शेजारी उभा राहतो. रिॲक्ट १९मध्ये दोन कॉम्पोनंटांनी एकाच वेळी टायटल लिहिले, तर रिॲक्ट दोन्ही हेडमध्ये ठेवते आणि निवाडा करत नाही. एचटीएमएलच्या नियमानुसार दोन टायटल असतील तर दस्तऐवजाच्या क्रमाने आधी येणारे ग्राह्य धरले जाते. म्हणजे कोणते जिंकेल हे तुमच्या हेतूवर अवलंबून राहत नाही, कोण आधी बसले यावर ठरते. साच्यात ‘माझे ॲप’ असे लिहून विसरलेले टायटल आधी काढून टाकावे, मग पुढचे सगळे करावे. दोन वेगवेगळ्या कॅनॉनिकल लिंक सापडल्या तर शोधयंत्र दोन्हींकडे दुर्लक्ष करण्याचीच शक्यता जास्त असते.

## पहिल्या प्रतिसादातच सर्व काही

शोधात किंवा पूर्वदर्शनात दिसायला हवे असे प्रत्येक पान सर्व्हरवर, किंवा ॲपच्या बांधणीच्या (बिल्डच्या) वेळी, आपल्या पूर्ण हेडसह तयार व्हायला हवे. संपूर्ण ॲप ब्राउझरमध्येच उभे राहत असेल आणि सर्व्हर रेंडरिंग आणणे शक्य नसेल, तर किमान एवढे करावे की सर्व्हरने मागितलेल्या पत्त्यावरून नोंदीचे फंक्शन चालवून साच्यातील हेडचा भाग भरून द्यावा आणि बॉडी रिकामीच पाठवावी. ही तडजोड आहे. तरी पूर्वदर्शनाचा प्रश्न तिने सुटतो.

अस्तित्वात नसलेल्या पानाचेही इथेच पाहावे. ब्राउझरमध्ये उभ्या राहणाऱ्या ॲपमध्ये कोणताही पत्ता मागितला तरी सर्व्हर २०० हा स्टेटस कोड देतो आणि ‘पान सापडले नाही’ हा मजकूर नंतर रंगवला जातो. क्रॉलरच्या दृष्टीने ते एक वैध पान ठरते. पुस्तक सापडले नाही हे सर्व्हरला कळू शकत असेल तर त्याने ४०४ द्यावा. कळू शकत नसेल तर निदान त्या स्थितीत नोइंडेक्सचा, म्हणजे पान यादीत घेऊ नका असे शोधयंत्राला सांगणारा, टॅग घालावा.

नोइंडेक्सबाबत उलट दिशेने जाणारी वाट मात्र बंद आहे, हे लक्षात ठेवावे. आधी नोइंडेक्स पाठवायचा आणि माहिती आल्यावर जावास्क्रिप्टने काढून टाकायचा, ही युक्ती चालत नाही, कारण पहिल्या एचटीएमएलमध्ये नोइंडेक्स दिसला की गूगल ते पान रेंडर करण्याच्या भानगडीत पडेलच असे नाही, आणि मग तो काढणारी स्क्रिप्ट कधीच चालत नाही.

## राउट बदलताना उशिरा येणारे उत्तर

ब्राउझरमधील संक्रमणात सर्वांत फसवा दोष शर्यतीचा असतो, म्हणून तो जरा जवळून पाहू. वाचकाने पहिल्या पुस्तकावर टिचकी मारली. ॲपने सर्व्हरकडे माहिती मागितली. उत्तर यायच्या आतच वाचक मागे येऊन दुसऱ्या पुस्तकावर गेला. दुसऱ्याची माहिती कॅशमध्ये असल्यामुळे ती लगेच आली आणि शीर्षक बरोबर लागले. अर्ध्या सेकंदाने पहिल्याचे रेंगाळलेले उत्तर पोचले, त्याच्या कॉलबॅकने शीर्षक लिहिले, आणि आता पानावर दुसरे पुस्तक आहे पण टॅबवर नाव पहिल्याचे आहे. ब्राउझरच्या इतिहासातही तीच चुकीची नोंद बसण्याची शक्यता असते. विकासकाच्या यंत्रावर सर्व्हर शेजारीच असल्यामुळे हे कधीही दिसत नाही. नेटवर्कचा वेग मुद्दाम कमी करून पाहिले तरच सापडते.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही करावेत. राउट सोडताना चालू असलेली मागणी रद्द करावी, आणि हेड लिहिणाऱ्या जागेने लिहिण्यापूर्वी ‘ही नोंद ज्या राउटची आहे तोच राउट अजून चालू आहे का’ हे तपासावे. हेड लिहिणारी जागा एकच असेल तर ही तपासणी एका ओळीत होते. वीस कॉम्पोनंट शीर्षक लिहीत असतील तर ती वीस ठिकाणी लागते आणि एकविसाव्या ठिकाणी राहून जाते.

माहिती येईपर्यंत टॅबवर काय दाखवायचे, हाही निर्णय करून ठेवावा. मागच्या पानाचे शीर्षक तसेच राहू देणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे. ‘पुस्तक’ असे सर्वसाधारण शीर्षक लावून मग ते नेमके करणे बरे. यादीच्या पानावर पुस्तकाचे नाव आधीच हाताशी असते, ते सोबत पाठवले तर आणखी बरे.

स्क्रीन रीडर वापरणाऱ्यासाठी एवढे पुरत नाही. पूर्ण पान लोड होत नसल्यामुळे नवे शीर्षक आपोआप बोलले जात नाही. नेक्स्टमध्ये राउट बदलल्याची घोषणा करणारी सोय अंगभूत आहे आणि ती आधी शीर्षक पाहते, ते नसेल तर मुख्य मथळा घेते. तुमच्या साधनात अशी सोय नसेल तर नजरेआड ठेवलेल्या लाइव्ह रीजनमध्ये (बदललेला मजकूर स्क्रीन रीडर आपोआप वाचतो अशा भागात) नवे शीर्षक लिहावे किंवा फोकस पानाच्या मुख्य मथळ्यावर न्यावा.

## कॅनॉनिकल आणि रोबोट्स

कॅनॉनिकल लिंकची कल्पना गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी फेब्रुवारी २००९मध्ये एकत्रितपणे मांडली. एकच मजकूर अनेक पत्त्यांवर मिळत असेल तर त्यांतला मुख्य पत्ता कोणता, हे सांगणे एवढाच तिचा उद्देश आहे. शोधयंत्र तिला सूचना मानते, आज्ञा मानत नाही. पत्ता नेहमी पूर्ण, म्हणजे प्रोटोकॉल आणि डोमेनसह लिहावा. तो चालू पत्त्याची नुसती नक्कल करून बनवू नये, कारण मग मोहिमांचे ट्रॅकिंग पॅरामीटर, क्रमवारीचे पर्याय आणि सेशनचे तुकडेही त्यात जातात आणि टॅगचा हेतूच हरपतो. नोंदीच्या फंक्शनमध्ये त्या राउटला अर्थ देणारे पॅरामीटर कोणते, याची छोटी यादी ठेवावी आणि बाकीचे गाळावेत. यादीच्या दुसऱ्या पानाचे कॅनॉनिकल पहिल्या पानाकडे वळवण्याची चूक फार वेळा दिसते. दुसऱ्या पानावर वेगळी पुस्तके असतात, म्हणून त्याने स्वतःकडेच बोट दाखवावे. डोमेन मात्र मागणीच्या होस्ट हेडरमधून उचलू नये, कॉन्फिगरेशनमधून घ्यावे. नाहीतर तपासणीच्या सर्व्हरचा पत्ता कॅशमध्ये जाऊन खऱ्या वाचकांपर्यंत पोचतो.

अनेक भाषांतल्या पानांवर प्रत्येक भाषेचे कॅनॉनिकल त्याच भाषेच्या पानाकडे असावे आणि पर्यायी भाषांच्या लिंक परस्परांकडे जाव्यात. मराठी पान इंग्रजी पानाचा उल्लेख करते, पण इंग्रजी पान मराठीचा करत नाही, अशी एकतर्फी नोंद शोधयंत्र ग्राह्य धरत नाही.

रोबोट्स टॅगच्या, म्हणजे नोइंडेक्स ज्यात लिहितात त्या टॅगच्या, बाबतीत एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. मी काम करत असलेल्या एका प्रकल्पात ‘पर्यावरण प्रॉडक्शन नसेल, म्हणजे ॲप खऱ्या वाचकांसाठीच्या सर्व्हरवर चालत नसेल, तर नोइंडेक्स घाला’ अशी एक निरुपद्रवी वाटणारी अट होती. सर्व्हर बदलताना कोणीतरी त्या व्हेरिएबलमध्ये ‘प्रॉडक्शन’ऐवजी ‘प्रॉड’ असे संक्षिप्त नाव लिहिले. ॲप उत्तम चालत होते, चाचण्या हिरव्या होत्या, आणि प्रत्येक पान शोधयंत्राला नम्रपणे ‘मला यादीतून काढा’ असे सांगत होते. शोधातून येणारी रहदारी उतरू लागली तेव्हा आम्ही आधी मजकुराला, मग सर्व्हरच्या वेगाला दोष दिला. हेड उघडून पाहण्याचे कोणाला सुचले ते पुष्कळ उशिरा. तेव्हापासून मी तपासणीचे सर्व्हर पासवर्डमागे ठेवतो आणि पर्यावरणावरून नोइंडेक्स ठरवतच नाही. तो फक्त पानाच्या स्वरूपावरून ठरतो. शोधनिकाल, खाते, छपाईची आवृत्ती यांना नोइंडेक्स, बाकीच्यांना काहीच नाही. अनुक्रमणाला परवानगी हे गृहीतच असते, ती वेगळी मागावी लागत नाही.

इथेच आणखी एक उलटसुलट गोष्ट आहे. एखादे पान शोधातून काढायचे म्हणून रोबोट्सच्या मजकूर फाइलमध्येही (robots.txt) त्याला बंदी घालू नये. बंदी असेल तर क्रॉलर पान उघडतच नाही, नोइंडेक्स वाचत नाही, आणि बाहेरून कोणी दुवा दिला असेल तर नुसता पत्ता निकालांत राहू शकतो. पीडीएफसारख्या फाइलींना हेड नसते. त्यांच्यासाठी हीच सूचना ‘एक्स-रोबोट्स-टॅग’ या एचटीटीपी हेडरमधून द्यावी.

## मजकूर कापताना आणि घालताना

शोधनिकालातले शीर्षक अक्षरांच्या ठराविक संख्येवर कापले जात नाही. उपलब्ध रुंदीवर कापले जाते. त्यामुळे ‘साठ अक्षरे’ यासारखे नियम देवनागरीला लावण्यात अर्थ नाही. शिवाय आपण स्वतः वर्णन कापतो तेव्हा वेगळेच संकट येते. ‘विद्यार्थी’ हा शब्द वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा दिसतो, पण जावास्क्रिप्ट त्याची लांबी दहा मोजते आणि यूटीएफ-८मध्ये तो तीस बाइट घेतो. चौथ्या स्थानावर कापले तर ‘विद्’ उरते, म्हणजे लोंबणारा हलन्त. पाचव्यावर कापले तर ‘विद्य’ उरते आणि काना मागे राहतो. मजकूर नेहमी शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेवर कापावा. डेटाबेसमधील वर्णनाच्या स्तंभाला बाइटची मर्यादा घातली असेल तर तीही तपासावी, कारण इंग्रजीसाठी ठरवलेली मर्यादा देवनागरीसाठी एक तृतीयांशच उरते.

वापरकर्त्याकडून आलेला मजकूर हेडमध्ये घालताना सावधगिरी बाळगावी. फ्रेमवर्क टायटल आणि मेटा यांच्यातील मजकूर एस्केप करते, म्हणजे त्यातली विशेष चिन्हे निरुपद्रवी रूपात बदलते. संरचित माहितीचा जेसन-एलडी ब्लॉक मात्र स्क्रिप्ट टॅगमध्ये कच्चा घातला जातो. कोणी पुस्तकाच्या परिचयात स्क्रिप्ट बंद करणारा टॅग लिहिला, तर जेसन तिथेच संपते आणि पुढचा मजकूर एचटीएमएल म्हणून चालू लागतो. जेसनमध्ये रूपांतर करणारे नेहमीचे फंक्शन टॅगची सुरुवात करणाऱ्या कोनी कंसाला हात लावत नाही, म्हणून रूपांतरानंतर प्रत्येक ‘<’ च्या जागी त्याचा यूनिकोड एस्केप घालावा. जेसनचा अर्थ त्याने बदलत नाही आणि टॅग मात्र बंद होत नाही.

खाजगी माहिती शीर्षकात नसावी, हेही याच जोडीला. शीर्षक ब्राउझरच्या इतिहासात, बुकमार्कमध्ये आणि मोजमापाच्या अहवालांत जाते. ‘माझे खाते’ एवढे शीर्षक पुरे. त्यात ईमेलचा पत्ता घातला आणि ते पान चुकून सामायिक कॅशमध्ये गेले, तर एकाचा पत्ता दुसऱ्याच्या टॅबवर दिसतो.

## हेड मध्येच तुटते तेव्हा

एन्कोडिंगचा टॅग दस्तऐवजाच्या पहिल्या १०२४ बाइटांच्या आत संपायला हवा, म्हणून तो हेडमध्ये सर्वप्रथम ठेवावा. त्यानंतर व्ह्यूपोर्ट आणि मग टायटल. व्ह्यूपोर्टमध्ये झूम बंद करणारी मूल्ये घालू नयेत. कमी दिसणाऱ्यांचा मार्ग त्याने अडतो.

हेडमध्ये जे बसत नाही असे काही आले, उदाहरणार्थ डिव्ह किंवा चित्र, तर ब्राउझर तक्रार करत नाही. तो हेड तिथेच संपले असे मानतो आणि उरलेले सगळे बॉडीत टाकतो. टॅग मॅनेजरचा एखादा तुकडा हेडच्या सुरुवातीला चिकटवला आणि त्यात नोस्क्रिप्टच्या आत एक ट्रॅकिंग चित्र असले, तर जावास्क्रिप्ट चालू असणाऱ्या ब्राउझरला काही होत नाही, पण जावास्क्रिप्टशिवाय वाचणाऱ्याच्या दृष्टीने त्या चित्रापाशी हेड संपते आणि खालची कॅनॉनिकल लिंक बॉडीत जाऊन निरर्थक होते. असे तुकडे शोधासाठी महत्त्वाच्या टॅगच्या खाली ठेवावेत, किंवा नोस्क्रिप्टचा भाग बॉडीत न्यावा.

## तपासणी

ब्राउझरमधील ‘इन्स्पेक्ट’ जे दाखवते ते जावास्क्रिप्ट चालल्यानंतरचे हेड असते. पूर्वदर्शनाच्या बॉटला दिसणारे हेड पाहायचे असेल तर पानाचा स्रोत उघडावा किंवा कर्लने (आज्ञा देऊन पान आणणाऱ्या साधनाने) पान मागवावे. दोन्ही शेजारी ठेवून फरक पाहिला की बहुतेक दोष तिथल्या तिथे सापडतात. गूगलच्या सर्च कन्सोलमधील यूआरएल तपासणीत क्रॉलरला दिसलेले एचटीएमएल मिळते आणि फेसबुकच्या शेअरिंग डीबगरमध्ये पूर्वदर्शन नव्याने वाचायला लावता येते. पूर्वदर्शने कॅशमध्ये राहतात, म्हणून चित्र बदलताना फाइलचे नावही बदलावे. त्याच नावावर नवे चित्र ठेवले तर जुनेच दिसत राहते. चित्राचा पत्ता पूर्ण असावा आणि आकार १२०० बाय ६३० पिक्सेल ठेवावा.

प्रत्येक डिप्लॉयनंतर प्रत्येक प्रकारचे एक पान कर्लने आणून तपासणारी छोटी स्क्रिप्ट लिहावी. हेडमध्ये टायटल नेमके एक आहे का, कॅनॉनिकल एकच आणि ठरलेल्या डोमेनवर आहे का, ज्या पानावर नोइंडेक्स नको तिथे तो नाही ना, जेसन-एलडी वाचता येते का, आणि नसलेल्या पुस्तकाला ४०४ मिळतो का, एवढे तिने पाहावे. टायटल मोजताना फक्त हेडमधलेच मोजावे, कारण एसव्हीजी चित्रांमध्येही टायटल नावाचा घटक असतो आणि सुरुवातीला ही स्क्रिप्ट त्यावरूनच खोटी ओरड करते.

जुन्या ॲपमध्ये हे सगळे आणायचे असेल तर आधी कोडमध्ये शीर्षक आणि मेटा लिहिणाऱ्या सर्व जागा शोधून त्यांची यादी करावी, आणि टॅग मॅनेजरमधून हेड बदलणाऱ्या स्क्रिप्टही तीत धराव्यात. मग एका प्रकारचे पान घेऊन त्याची नोंद लिहावी, त्या पानापुरते जुने लेखन काढावे आणि दोन्ही वेळचे हेड ताडून पाहून पुढच्या प्रकाराकडे वळावे. याच ओघात मेटा कीवर्ड्सचा टॅग भेटेल. क्रमवारीसाठी तो वापरत नसल्याचे गूगलने २००९मध्येच जाहीर केले आहे, तेव्हा त्याला नोंदीत जागा देऊ नये.